बिनॲसिडचा ओटा

मी दिवाळी अंकात लेख लिहितेय हे कळल्यावर आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी मला जिन्यात थांबवून विचारलं की, ओटे साफ करण्यात लिहिण्यासारखं असतं तरी काय? फडकं ओलं करायचं आणि फिरवायचं. मी वर आले, हात धुतले आणि लिहायला बसले.

मी मूळची कोरेगावकडची. लग्न होऊन बोईसरला आले तेव्हा दिनकर, म्हणजे माझे यजमान, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात होते. त्या काळात इकडच्या स्वयंपाकघरांत ओटा असलाच तर कडाप्प्याचा असायचा. काळाभोर, खरबरीत, लिंबू सांडलं की पांढरा पडणारा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे इमारती उठायला लागल्या, कारखान्यांतल्या आणि वीजकेंद्रातल्या लोकांनी स्वतःचे फ्लॅट घेतले, आणि ग्रॅनाइट आला. त्यात तोंड दिसायचं. नव्या घरी पाहुणे आले की आधी देवघर दाखवायचे आणि मग ओटा.

आमच्या चाळीमागे अशीच एक इमारत बांधत होते. तिथं मी पाणी भरायच्या कामाला होते. ओटे बसवायला आणि पॉलिश करायला राजस्थानातल्या जालोरकडचे मांगीलाल म्हणून म्हातारे कारागीर होते. त्यांचं मनगट थरथरायला लागलं होतं आणि हाताखालची पोरं टिकत नव्हती. एक दिवस त्यांनी चालू मशीन माझ्या हातात दिलं. बाकीचे कारागीर हसले. मुकादम म्हणाला, बाईमाणसाच्या हातून दगड फुटेल. मांगीलाल म्हणाले, फुटला तर माझा फुटेल. त्यांनी मला घासायचे दगड जाड्यापासून बारकापर्यंत कसे बदलायचे ते शिकवलं, पाणी किती सोडायचं ते शिकवलं, आणि शेवटी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकतीवर पांढरी पावडर घेऊन हात हलका कसा ठेवायचा तेही. डाग काढायला कुणी बोलावलं की ते लगेच फडक्याला हात घालत नसत. मला म्हणायचे, "पहले पूछ, गिरा क्या है."

हे नीट समजावून सांगते, कारण सगळ्या कामाची मेख इथंच आहे. ग्रॅनाइटवर सुरी ओढली तर सुरीच बोथट होते. म्हणून लोकांना वाटतं, याला काही होत नाही. पण त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात आणि तो तेल पितो. शेगडीजवळचा काळपट डाग वरून कितीही घासा, जात नाही, कारण तो वर नसतोच. त्याला खडूची पूड आणि साबणाचं पाणी असा दाट लेप लावायचा, वर प्लॅस्टिक ताणून बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी वाळलेला लेप खरवडायचा. लेप तेल वर ओढून घेतो. पहिल्या खेपेला नाही निघालं तर पुन्हा लावायचा. हळदीचा डाग निराळा. खिडकीतून ऊन येत असेल तर तो आपला आपण उडतो, बायका उगाच जीव काढतात. नळाशी बोअरच्या पाण्याची पांढरी खपली धरते, ती प्लॅस्टिकच्या पट्टीनं हळूहळू उचलायची. तारेची घासणी नको, राख नको, आणि ॲसिड तर नकोच.

मात्र बोईसरला ॲसिड म्हणजे नळाच्या पाण्यासारखं. वसाहतीतून कुणाच्या तरी ओळखीनं बाटली घरात यायची. संडास, फरशी, सायकलची चेन, सगळ्याला तेच. ग्रॅनाइटवर टाकलं की पहिल्या दिवशी ओटा लख्ख दिसतो. मग काही दिवसांनी दगडातलं लोखंड गंजून पिवळे ठिपके फुटतात, सिंकच्या कडेचं सिमेंट भुसभुशीत होतं, आणि एकदा गेलेली चमक फडक्यानं परत येत नाही. मांगीलालांनी ते कधी वापरलं नाही. ते गावी परत गेल्यावर मी एकटी कामं घेऊ लागले तेव्हा पहिल्यापासून सांगायची, माझ्याकडे ॲसिड नाही, काम सावकाश होईल, पटत असेल तर बोलवा. बऱ्याच जणांना पटायचं नाही. दुसऱ्याला बोलवायचे. मी म्हणायची, बोलवा.

सातपाटीच्या जानकीबाईंनी मात्र मलाच बोलावलं. त्यांच्या मुलाची होडी होती, त्यानं नवं घर बांधलं होतं आणि आईसाठी गावात कुणाकडे नसेल असा ओटा घातला होता. तक्रार वासाची होती. कितीही धुतलं तरी ओट्याला मासळीचा वास. मी वाकून पाहिलं तर दगड आणि भिंत यांच्यामधला सांधा पोकळ झाला होता. कुणीतरी ॲसिडनं धुतला होता आणि मासळीचं पाणी तिथून आत मुरत होतं. मी सांधा खरवडून पुन्हा भरून दिला. मग त्यांना म्हटलं, मावशी, एवढ्या भारी दगडावर मासळी कापू नका, खाली विळीवर बसून कापा.

जानकीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "जलमभर खाली बसून कापली. गुडघं गेलं माजं. आता उबी राहूनच कापनार. ओटा माजा हाय."

मला त्यांचं म्हणणं इतकं पटलं की मी सुताराकडून ओट्याच्या मापाची एक सागाची फळी करवून आणली आणि त्यांना दिली. त्या फळीवर त्या उभ्यानं मासळी कापायच्या, आणि गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. नंतर सातपाटीतून मला जी कामं आली ती सगळी त्यांच्या तोंडून. काम सांगताना त्या पुढे जोडायच्या, जरा तापट हाय, पन खरी हाय.

त्या तापटपणाची कसोटी मात्र पुढं बोईसरलाच लागली.

बेटेगावच्या बाजूला तेव्हा मोठी वसाहत बांधत होते. तिथल्या कंत्राटदाराला सगळे शेठ म्हणायचे. मीही इथं शेठच म्हणते. त्यांच्या इमारतींतले ओटे ताबा देण्याआधी साफ करायचं काम मला मिळालं होतं. बांधकामात ओट्यावर सिमेंट सांडतं, चुन्याचे थेंब वाळतात. एकटीनं आवरणारं काम नव्हतं, म्हणून मी जमनाला घेतलं.

जमना विक्रमगडच्या बाजूच्या एका पाड्यावरची, वारली. घरी थोडीशी वरकस, डोंगरउताराची हलकी जमीन होती. भातकापणी झाली की पाड्यावरची माणसं कामाला बाहेर पडत आणि बरीचशी बोईसरच्या नाक्यावर उभी राहत. ती माझ्याच वयाची असावी. कमी बोलायची. दगडावर हात फिरवून, न बघता सांगायची की कुठं अजून खरबरीत आहे. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला होता. हे मी तेव्हाही म्हणायची.

आम्ही सिमेंटचा एकेक थेंब पातीनं उचलत होतो. शेठना घाई होती. एक दिवस त्यांच्या माणसानं एक पांढरा कॅन आणून ठेवला. म्हणाला, हे लावा, पाच मिनिटांत साफ होतंय, सगळ्या इमारती अशाच करायच्या. कॅनवर काही लिहिलेलं नव्हतं. मी त्याला सांगितलं की आम्ही ॲसिड वापरत नाही. तो म्हणाला, हे ॲसिड नाही, हे केमिकल आहे. मी कॅन बाहेर जिन्यात ठेवला आणि पालघरला एका घरी कबूल केलेल्या कामासाठी निघून गेले.

माझ्या मागे तो माणूस पुन्हा आला. त्यानं जमनाला शेजारच्या फ्लॅटमध्ये नेलं आणि कॅन आणि फडकं तिच्या हातात दिलं. शेठचं काम आहे, नाही म्हणायचं नाही, असं तिला सांगितलं. हातमोजे वगैरे काही नव्हते. ओटा खरोखरच लगेच साफ झाला. तिला तेव्हा काहीच झोंबलं नाही. साधं ॲसिड लागलं की लगेच कळतं, माणूस हात धुतो. हे कळलंच नाही. मी दुपारनंतर परत आले तेव्हा ती उजवा हात काखेत दाबून भिंतीला टेकून बसली होती. बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती आणि नखांखाली निळं दिसत होतं. मी विचारलं तर म्हणाली, "आतून जलतं, बाय. वर काय नाय."

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, कशानं भाजलं?  मी रिक्षा करून कॅन आणायला गेले तर कॅन तिथून हलवला होता. तोवर दिनकर कारखान्यातून सुटून आले. त्यांनी तिचा हात बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांच्या कारखान्यात पूर्वी एकाला असंच झालं होतं. ते डॉक्टरांना म्हणाले, काच खाणारं ॲसिड असतं, ते असेल. त्यावर डॉक्टरांनी उपचार बदलले, म्हणून हात राहिला. दोन बोटांची टोकं मात्र काढावी लागली.

काच खातं ते ग्रॅनाइटही खातं. म्हणून ओटा इतक्या लवकर साफ होत होता. डागाबरोबर दगडाची वरची कातडीच जात होती. वरून मेण चोळून चमक आणायची, घराची किल्ली द्यायची, आणि मेण उतरेपर्यंत शेठ पुढच्या इमारतीवर.

मी शेठना भेटायला त्यांच्या साईटवरच्या ऑफिसात गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, वाईट झालं, पण हातमोजे दिले होते, तिनं घातले नाहीत, ही माणसं ऐकत नाहीत. मी म्हटलं, हातमोजे नव्हते. ते म्हणाले, तू तर तिथं नव्हतीस. मग जमनाला गावी पोचवायची सोय करतो असं म्हणाले आणि विचारलं की उरलेले ओटे कधी पूर्ण होतील.

मी चहाला हात न लावता उठले. म्हणाले, "शेठ, तो कॅन साईटवर असेपर्यंत मी तुमच्या एका ओट्यालाही हात लावणार नाही. आणि हे मी सगळ्यांना सांगणार आहे."

ते हसले नाहीत की रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की मग बोईसरमध्ये तुला काम मिळणार नाही.

ते त्यांनी खरं करून दाखवलं. जिथं जिथं त्यांची ओळख होती तिथले वॉचमन मला फाटकावरच अडवू लागले. ठरलेली कामं रद्द झाली. मी पोलिसांत तक्रार करायला गेले तिथं मला विचारलं, कॅनमध्ये काय होतं, कॅन कुठाय? मी तशीच परत आले. दिनकर घाबरले होते. त्यांच्या सुपरवायझरचं आणि शेठचं उठणंबसणं होतं. एकदा जेवताना ते म्हणाले की आपण इथं परके, एवढं ताणू नकोस. मी म्हटलं, जमना तर इथलीच आहे, तिला कुठं कोण विचारतंय? त्यानंतर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यांनी मला साथ दिली असं मी म्हणणार नाही. पण अडवलंही नाही, आणि त्या दिवसांत मला तेही पुष्कळ होतं.

फाटकावर अडवलं तर मी मागच्या बाजूनं जायची. शेठच्या ज्या इमारतींत माणसं राहायला आली होती तिथं मी घरोघर फिरले. बायकांना सांगितलं, ओट्यावरून ओलं फडकं फिरवा आणि वाळल्यावर तिरकं बघा. पाण्यात दिसणारं तोंड वाळल्यावर दिसत नसेल तर तुमचा दगड सोललेला आहे. आणि कुणी मिस्त्री पांढरा कॅन घेऊन दुरुस्तीला आला तर दार उघडू नका. काही जणींनी ऐकलं. काही म्हणाल्या, तुझं काम गेलं म्हणून तू बोलतेस. शेठचा माणूसही तेच सांगत फिरत होता.

हात बरा झाल्यावर जमना गावाहून परत आली. मी तिला बोलावलं नव्हतं, बोलवायचा धीर नव्हता. ती माझ्या दारात उभी राहून म्हणाली, तू ज्या घरांत जातेस तिथं मला ने. त्यानंतर ती माझ्याबरोबर फिरली. मी बोलायची. ती काहीच बोलायची नाही. फक्त जाताना उजवा हात ओट्यावर उताणा ठेवायची, थोडा वेळ तसाच ठेवायची, आणि उचलायची. मी खोटं बोलते असं त्यानंतर कुणी म्हणालं नाही.

पण शेठना त्या बायकांनी नमवलं नाही. जमनानं नमवलं. गावी असताना तिनं पाड्यापाड्यावर जाऊन सांगितलं होतं. मला त्याचा पत्ता नव्हता. सकाळी नाक्यावर शेठचा टेम्पो माणसं न्यायला यायचा. त्या दिवशी मी भाजी घ्यायला तिकडं गेले होते. टेम्पो थांबला, मुकादमानं नेहमीप्रमाणे हाक मारली. कुणी चढलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. माणसं तशीच उभी, बायका पिशव्या खांद्याला लावून तशाच बसलेल्या. मुकादम खाली उतरला आणि विचारू लागला, काय झालं? तेव्हा जमना पुढे झाली.

"पांढरा डबा असल तर आमी नाय येत," ती म्हणाली.

मुकादमानं आधी दरडावलं, मग समजावलं, मग दुसऱ्या गावची माणसं आणीन म्हणाला. टेम्पो रिकामा गेला. दुसऱ्या दिवशीही रिकामा गेला. पुढं काही दिवस तो येऊन थांबायचा आणि जायचा. इमारतीचा ताबा द्यायची वेळ आली होती, ओटे तसेच पडले होते. मग एका सकाळी मुकादमानं टेम्पोच्या पायरीवर उभं राहून मोठ्यानं सांगितलं की कॅन बंद झाला, साईटवर एकही नाही, येऊन बघा. दोन बाप्ये जाऊन बघून आले. त्यानंतर माणसं चढली. जमना चढली नाही. ती माझ्याबरोबर आली, आणि तेव्हापासून आम्ही दोघींनी जोडीनं कामं घेतली.

शेठना कुठलीही शिक्षा झाली नाही. त्यांनी कधी चूकही कबूल केली नाही. याची मला आजही चीड आहे, आणि ती जावी असं मला वाटत नाही.

याच्यानंतर बऱ्याच काळानं मला एका बंगल्यातून बोलावणं आलं. बाईंनी निरोप धाडला होता, मुलीचा साखरपुडा आहे, ओटा आंधळा झालाय, चमक गेलीय, काहीतरी करा. तिथं पोचल्यावर दारावरची पाटी बघून कळलं की घर शेठचं. माझा पाय अडला. जमना म्हणाली, चल, दगडाचा काय दोष? आत गेलो. ओटा खरंच आंधळा झाला होता. शेठनी स्वतःच्या घरीही तोच कॅन फिरवला होता. निरोप धाडणाऱ्या बाई म्हणजे शेठची बायको, त्या वहिनींना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, बसायला पाट दिले, आणि आम्ही काम सुरू केलं.

एका टोकापासून घासत आलो. मशीन जमनाच्या हातात होतं. जोर तळव्याचा लागतो, तिला बोटांची अडचण होत नसे. मी पाणी सोडत होते. सिंकपासून अर्ध्यापर्यंत चमक आली होती, खिडकीतला आंबा त्यात दिसायला लागला होता, तेवढ्यात शेठ घरी आले. त्यांनी मला ओळखलं, मग जमनाला. तिच्या हाताकडे त्यांनी एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. वहिनींना म्हणाले, उद्या घरात पाहुणे येणार, हिला आत कशाला घेतलंत? हिला मागच्या अंगणात बसवा. दुसरीला करू दे.

जमनानं मशीन बंद केलं. ओट्यावरचं पाणी पुसलं, चकती काढून धुतली, वायर गुंडाळली. कसलीही घाई केली नाही. मला म्हणाली, "चल, बाय."

वहिनी आमच्या मागे फाटकापर्यंत आल्या. उद्याच साखरपुडा आहे, असं अर्धवट टाकून जाऊ नका म्हणाल्या. त्यांची मला दया आली. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या कॅनपासून. त्या ऐकत राहिल्या. शेवटी मी म्हटलं, साहेबांनी स्वतः येऊन जमनाला घरात बोलवावं, आम्ही आत्ता पूर्ण करतो. त्या आत गेल्या. आम्ही फाटकाशी थांबलो. बराच वेळ कुणी आलं नाही. मग निघालो.

साखरपुडा त्याच ओट्यावरच्या चहावर झाला असणार. मी पुढं कधी चौकशी केली नाही.

आता माझे खांदे गेलेत, मी मशीन धरत नाही. जमनानं पाड्यावरच्या पाच-सहा बायकांना हे काम शिकवलंय, आणि तिच्या हाताखालच्या कुणाच्या पिशवीत ॲसिडची बाटली निघाली तर ती बाई दुसऱ्या दिवसापासून कामावर नसते.

मध्यंतरी बोईसरच्या बाजारात वहिनी भेटल्या. केस पांढरे झालेत. त्यांनीच मला हाक मारली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मुलीला दोन मुलं आहेत, साहेब आता घरीच असतात. न राहवून मी विचारलं, तो ओटा मग कुणाकडून पूर्ण करून घेतलात?

"नाही घेतला," त्या म्हणाल्या. "अर्धा चमकतो, अर्धा तसाच आहे. मधे सरळ रेघ दिसते. मी कुणाला हात लावू देत नाही."

मी विचारलं, साहेब काही बोलत नाहीत?

"बोलतात," वहिनी म्हणाल्या. "मी ऐकत नाही."